रात्री दीड की सव्वातीन?

(लिहिणाऱ्याची ओळख कळू नये म्हणून पत्रातले काही तपशील बदलले आहेत.)

एका जिल्हा कारागृहातल्या शिपायाचं हे पत्र आहे. नोकरीला सहा वर्षं झालीत. बायको आणि लहान मुलगी, राहायला कारागृहाचंच क्वार्टर. गेल्या महिन्यात एका रात्री ते पहाऱ्यावर होते. दोन बराकींत मिळून दीडशेच्या आसपास कैदी आणि हे एकटे. दीड वाजता एका बराकीतून हाका आल्या. साखरेचा आजार असलेल्या एका न्यायाधीन (म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागायचा असलेल्या) बंद्याला दरदरून घाम सुटला होता आणि छातीत कळ येत होती. यांनी लगेच हवालदारांना बोलावलं. हवालदारांनी गजांतून बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "ॲसिडिटी असेल. पाणी पाजायला सांग, बघू थोडा वेळ." रात्री बराक उघडायची तर जेलरसाहेबांना घरून बोलवावं लागतं. साहेबांना फोन गेला सव्वातीनला. कुलूप निघालं, मग पोलिसांचा गार्ड यायची वाट पाहण्यात आणखी वेळ गेला. सिव्हिलला पोचेपर्यंत माणूस गेलेला होता.

आता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चौकशी सुरू झाली आहे. रजिस्टरात तक्रारीची वेळ सव्वातीन अशी लिहिली गेली आहे. 'त्याखाली सही कर, जबाबातही हीच वेळ सांग' असं वरून तोंडी सांगण्यात आलंय. सही अजून केलेली नाही. हवालदार सात महिन्यांनी निवृत्त होणार आहेत, आणि कारागृहातलं सगळं काम यांना त्यांनीच शिकवलं. शेवटी ते विचारतात: "मी साधा शिपाई. मी कळवलं होतं, मग माझी जबाबदारी किती? तो काही संत नव्हता, फसवणुकीच्या गुन्ह्यात आत आला होता. गेलेला माणूस परत येणार नाही, मग जिवंत माणसाचं पेन्शन का घालवू? आणि त्याच्या बायकोला एकदा भेटून यावं असं फार वाटतं. जाऊ का?"

---

आधी सहीचं सांगते, कारण ते थांबण्यासारखं नाही. सव्वातीनच्या नोंदीखाली सही करू नका. बाकीचं आपण सावकाश बोलू, पण ते पान तुमच्यापुढे पुन्हा सरकवलं जाईल, कदाचित उद्याच. तेव्हा आवाज चढवू नका, भांडू नका. 'साहेब, मला माझी नोंद वेगळी लिहायची आहे' एवढंच म्हणा. पुन्हा आग्रह झाला तर 'लेखी द्या' म्हणा. हा उद्धटपणा नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधला नियम 3 हेच सांगतो: वरिष्ठांचा आदेश सहसा लेखी असावा, तोंडी द्यावा लागला तर नंतर तो लेखी करून घ्यावा. असा आदेश लेखी द्यायला कोणी धजत नाही, आणि तुम्हाला हवं ते उत्तर त्यातच मिळतं.

आता तुमच्या 'साधा शिपाई'कडे वळू. तुम्ही म्हणता, माझ्या हातात चावीसुद्धा नव्हती. खरंच नव्हती. पण 1894 च्या तुरुंग अधिनियमातलं कलम 37 एकदा काढून वाचा. डॉक्टर मागणाऱ्या किंवा तब्येत बिघडलेल्या कैद्याचं नाव विनाविलंब जेलरला कळवायचं असं ते सांगतं, आणि हे कळवण्याचं काम टाकलंय कोणावर? त्या कैद्यांवर प्रत्यक्ष देखरेख ठेवणाऱ्यावर. त्यात शरीराचा आजार आहे तसा मनाचाही आहे, हे सव्वाशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या इंग्रजांच्या कायद्यात आहे. म्हणजे जबाबदारीची साखळी अधीक्षकांच्या केबिनमध्ये सुरू होत नाही, गजांबाहेर काठी घेऊन उभ्या असलेल्या माणसापाशी सुरू होते. तुम्ही त्या साखळीची शेवटची कडी समजता स्वतःला. कायद्याच्या लेखी पहिली आहात.

आणि कळवायचं जेलरला. हे टोचेल, पण चौकशीत कोणीतरी विचारण्याआधी माझ्याकडून ऐकलेलं बरं. तुम्ही हवालदारांना कळवलंत. रीत तीच आहे हे मला मान्य आहे. हवालदाराला ओलांडून साहेबांचा फोन फिरवणारा शिपाई दुसऱ्या दिवसापासून टॉवरवर उन्हात उभा असतो. तरीही दीड ते सव्वातीन हा पावणेदोन तासांचा काळ आहे आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे: "मध्ये जाऊन बघून आलो." बघून आलात तेव्हा तो कसा होता? बोलत होता की नुसता कण्हत होता? हवालदारांना पुन्हा सांगितलंत का? ते काय म्हणाले? बराकीतले बाकीचे काय म्हणत होते? पुन्हा सांगितलं नसेल, तर तसंच सांगावं लागेल. 'मी कळवलं' या दोन शब्दांवर तुम्ही सगळा भार टाकलाय आणि ते शब्द पावणेदोन तासांचा भार पेलणार नाहीत.

तिहारमध्ये 2 मे 2023 ला टिल्लू ताजपुरिया नावाच्या गुंडाचा दुसऱ्या टोळीच्या कैद्यांनी खून केला. काही दिवसांनी सीसीटीव्हीचं चित्रण बाहेर आलं. त्यात बंदोबस्ताला असलेले जवान जवळच उभे असताना जखमी ताजपुरियावर पुन्हा वार होताना दिसले. त्या जवानांपैकी सात जण निलंबित झाले. त्यांनी कोणाला हात लावला नव्हता. त्यांच्यावरचा ठपका नुसतं उभं राहिल्याचा होता. तुमची गोष्ट तशी नाही, तुम्ही धावाधाव केलीत. पण कोठडीत माणूस मेला की 'तू काय केलंस' याइतकाच 'तू काय केलं नाहीस' हाही प्रश्न असतो, एवढं यावरून लक्षात घ्या.

सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वीच स्पष्ट केलंय. केवल पती यांचा नवरा उत्तर प्रदेशात खुनाची शिक्षा भोगत असताना तुरुंगात सहआरोपीच्या हातून मारला गेला. 1995 मध्ये न्यायालयाने तिला एक लाख रुपये द्यायला लावले. मूर्ती देवी यांचा मुलगा तिहारमध्ये न्यायाधीन असताना इतर कैद्यांनी मारला. 1998 मध्ये अडीच लाख. दोन्हीकडे मारणारे कैदी होते, तरी भरपाई दिली सरकारने, कारण त्या माणसाला जिवंत ठेवणं हे तुरुंगाचं काम होतं. त्याआधी 1993 मध्ये ओडिशाच्या नीलाबती बेहेरा यांच्या प्रकरणात, पोलीस कोठडीत नेलेल्या तरुण मुलाचं प्रेत रेल्वे रुळांवर सापडलं तेव्हा, न्यायालयाने आईच्या साध्या पत्रालाच याचिका मानलं आणि दीड लाख रुपये मंजूर केले. या निकालांमागचा विचार साधा आहे. बाहेरच्या माणसाला छातीत दुखलं तर तो रिक्षा करून दवाखाना गाठतो, शेजाऱ्याला उठवतो. तुमच्या बराकीतल्या माणसाकडून आपण ती सोय काढून घेतलेली असते. त्याच्याकडे उरते फक्त हाक, आणि ती ऐकायला रात्री फक्त तुम्ही असता.

'तो काही संत नव्हता' हे वाक्य तुम्ही लिहिलंत, त्याचं मला फार नवल वाटलं नाही. रात्री झोप लागावी म्हणून माणूस असं काहीबाही मनाशी म्हणतो. पण तुमच्याच पत्रात पुढे आहे की त्याला जामीन मंजूर झालेला होता, जामीनदार मिळत नव्हता म्हणून तो आत होता. 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश दिलेत की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, म्हणजे ते वकील आणि जामीनदाराची काही वाट काढतील. हे कळवलं गेलं होतं का? गेलं नसेल तर हा माणूस त्या रात्री तुमच्या बराकीत असायलाच नको होता. देशातल्या तुरुंगांत 2022 साली 75.8 टक्के कैदी न्यायाधीनच होते. आणि ज्यांना शिक्षा झालीय त्यांचं तरी काय? प्रा. साईबाबा यांच्यासोबत माओवादी संबंधांच्या खटल्यात शिक्षा झालेला पांडू नरोटे नागपूर कारागृहात जन्मठेप भोगत असताना ऑगस्ट 2022 मध्ये आजारी पडून गेला. 5 मार्च 2024 ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या खटल्यातल्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. तो घरी जाऊ शकला नाही. कोण संत आणि कोण नाही हे ठरवायचं काम न्यायालयाचं, आणि तेही वेळ घेऊन करतं. ते ठरेपर्यंत माणूस टिकवायचा, एवढं तुमच्या खात्याकडे आहे.

आता 'गेलेला माणूस परत येणार नाही' याबद्दल. बरोबर. पण त्याच्यामागे जी माणसं आहेत त्यांना या दीड आणि सव्वातीनने प्रत्यक्ष फरक पडतो, आणि तो पैशांत मोजता येतो. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये कोठडीतल्या मृत्यूंसाठी भरपाईचं धोरण मंजूर केलं. काम करताना अपघात, वैद्यकीय अधिकाऱ्यांचा हलगर्जीपणा, कर्मचाऱ्यांची मारहाण, कैद्यांमधली भांडणं, यांत मृत्यू झाला तर वारसांना 5 लाख रुपये. आत्महत्या असेल तर 1 लाख. वार्धक्याने किंवा दीर्घ आजाराने गेला तर काही नाही. आता तुमचं रजिस्टर वाचा. साखरेचा जुना पेशंट, सव्वातीनला दुखू लागलं, लगेच साहेब आले, लगेच हलवलं, वाटेत गेला. यात चूक कोणाचीच दिसत नाही. आजाराने माणूस गेला, प्रकरण मिटलं. आणि दीडला हाका मारल्या, पावणेदोन तास कुलूप निघालं नाही, डॉक्टर आला नाही, असं लिहिलं तर? ती बाई निदान अर्ज करू शकते, भांडू शकते, उच्च न्यायालयात जाऊ शकते. तिच्या हातात दुसरा कागद नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत 2022 साली देशातल्या तुरुंगांत 1,995 कैदी गेले, त्यातले 1,773 'नैसर्गिक' म्हणून नोंदलेले. त्यांतल्या किती जणांनी आधी हाका मारल्या आणि किती वेळ, हे कुठल्याही तक्त्यात येत नाही. येऊ शकतं ते फक्त रात्रपाळीच्या रजिस्टरात.

हवालदारांचं सगळ्यात अवघड आहे, मला कळतं. ज्याने हाताला धरून काम शिकवलं त्याच्याविरुद्ध जबाब द्यायचा म्हणजे घास गिळत नाही. पण तुम्ही पत्रात एक गोष्ट ओझरती लिहून पुढे गेलात, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्याच्या थोडेच दिवस आधी अशाच एका रात्री हवालदारांनी साहेबांना उठवलं होतं, कैद्याला विशेष काही झालेलं नव्हतं, आणि सकाळी रोल कॉलला सगळ्यांसमोर त्यांनी बोलणी खाल्ली होती. मग त्या रात्री 'बघू थोडा वेळ' कोण म्हणालं? हवालदार म्हणाले, पण ते शब्द त्यांच्या तोंडी रोल कॉलने घातले होते.

हे जबाबात आलं पाहिजे. 'हवालदारांनी ऐकलं नाही' एवढंच सांगितलंत तर सगळं खापर त्या निवृत्तीला टेकलेल्या माणसाच्या डोक्यावर फुटेल, आणि वरच्या सगळ्यांना तेच हवं असेल. त्याऐवजी सगळं सांगा. दीडशे कैद्यांना एक शिपाई होता (2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा कैद्यांमागे एक पहारेकरी असावा असं म्हटलंय, तुमच्याकडे पंचवीसपट आहेत). रात्री कंपाउंडर नव्हता. चावीसाठी साहेब घरून यावे लागतात. आधीच्या वेळी बोलणी खाल्ली होती. गार्ड यायला किती वेळ लागला. असं सगळं ठेवलं की हवालदारांची चूक लपत नाही, पण ती तिच्या मापाची राहते. अर्धवट खरं हवालदारांना बुडवेल, पूर्ण खरं त्यांना थोडं तरी वाचवेल. आणि पेन्शनचा हिशेब करायचाच असेल तर असा करा: निष्काळजीपणाची खातेनिहाय चौकशी एका बाजूला, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 256 खाली, म्हणजे जुन्या 218 खाली, कोणाला तरी वाचवण्यासाठी खोटी नोंद केल्याचा फौजदारी गुन्हा दुसऱ्या बाजूला. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्याला. पेन्शन कशात जास्त अडकेल?

त्यांना जबाबाआधी एकदा सांगा, घरी जाऊन, 'काका, मी दीडच सांगणार आहे.' त्यापलीकडे चर्चा नको. ते काय सांगणार, तुम्ही काय सांगणार, मध्य कुठे काढायचा, हे एकदा सुरू झालं की दोन साक्षीदारांनी मिळून गोष्ट रचली असं होतं. ते रागावतील. रागावू द्या.

मध्यावरून आठवलं. सही टाळायची आणि जबाबात 'साहेब, नक्की वेळ आठवत नाही' म्हणायचं, ही वाट तुमच्या मनात येऊन गेली असणार. पत्रात नाही लिहिलीत, पण या पेचात सापडलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात ती येते. खोटं बोललो नाही आणि कोणाला दुखावलंही नाही, असं वाटतं. मला ती सगळ्यात वाईट वाट वाटते. एक तर ती चालत नाही. त्या बराकीतले पाऊणशे जण साक्षीला आहेत, आणि न्यायदंडाधिकारी त्यांचे जबाब घेतातच. त्यांच्याकडे घड्याळ नसेल, पण तुमच्याकडे रात्री तासाचे टोल पडत असतील तर ते त्यांनी ऐकलेत; ज्याच्या शेजारी माणूस तडफडत होता त्याने तर मोजलेत. भायखळ्याच्या महिला कारागृहात जून 2017 मध्ये मंजुळा शेट्ये हिचा मृत्यू झाला तेव्हा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल होऊन सहा जणींना अटक झाली, ती तिच्याबरोबरच्या कैदी बायकांनी तोंड उघडलं म्हणून. भिंतींच्या आतलं बाहेर येत नाही असं खात्यात अनेकांना अजून वाटतं. येतं. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही 'आठवत नाही' म्हणालात की रजिस्टरातली सव्वातीन हीच एकमेव वेळ कागदावर उरते. गप्प राहून तुम्ही तिच्याखाली सहीच केलेली असेल.

मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. दीड सांगितलंत तर त्रास होईल. क्वार्टरच्या नळावर तुमच्या बायकोशी बोलणं कमी होईल. ड्युट्या वाईट लागतील, लांबची बदली येऊ शकते, तुमच्यावरही चौकशी लागू शकते, कारण दुसऱ्यांदा तुम्ही आरडाओरडा का केला नाहीत हा प्रश्न आहेच. त्याची तयारी ठेवा. म्हणून जबाबाआधी फौजदारी कामं करणारा स्वतःचा वकील गाठा, खात्याने सुचवलेला नव्हे. बायकोला सगळं खरं सांगा, आजच, कारण तिलाही तिथेच राहायचंय.

आता कागदाचं. आज रात्री घरी बसून त्या रात्रीचा घटनाक्रम स्वतःच्या हाताने लिहून काढा: पहाऱ्यावर कधी आलात, चार्ज घेताना आजारी कोण कोण सांगितले, पहिली हाक कोणी मारली, तुम्ही काय पाहिलंत, हवालदार कधी आले, काय म्हणाले, मध्ये केव्हा गेलात, साहेब कधी आले, कुलूप कधी निघालं, गार्ड कधी आला. जिथे वेळ पक्की नाही तिथे 'सुमारे' लिहा, उगाच पक्की करू नका. एक खोटा नेमकेपणा सगळ्या खऱ्या वेळांवर संशय आणतो. खाली तारीख घाला, सही करा. याची एक प्रत लेखी अहवाल म्हणून अधीक्षकांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का घ्या. आवकला घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. रजिस्टरातल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा मोह आवरा. आत मोबाइल नेला म्हणून तुम्हीच अडकाल आणि मूळ विषय बाजूला राहील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 प्रमाणे कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची असते, आणि ते स्वतः मूळ रजिस्टर मागवू शकतात. फोनचं रेकॉर्ड, फाटकावरची नोंद, सीसीटीव्ही हेही त्यांना मागता येतं. जबाबात तेवढं म्हणा, की या गोष्टी पाहाव्यात. चित्रण फार दिवस राहत नाही, म्हणून हे लवकर म्हणा.

हे सदर कारागृहात नोकरी करणारे आणखी कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. रात्रपाळीचा चार्ज घेताना नुसती गिनती घेऊ नका, आजाऱ्यांची नावं घ्या: साखर कोणाला, फिट कोणाला येते, हृदयाचं कोण, महिला विभागात दिवस गेलेली कोण, दारू किंवा गर्द सुटल्यामुळे थरथरणारा नवा कोण. चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. साखरेच्या माणसाला घाम सुटणं ही ॲसिडिटी नव्हे असं धरूनच चाला. साखर उतरलेली असू शकते, हृदयही असू शकतं, आणि दोन्हींत मिनिटं मोजायची असतात. अधीक्षकांकडे एक लेखी आदेश मागा, सगळ्यांनी मिळून मागा: रात्री कोणाला पहिला फोन, किती मिनिटांत उत्तर आलं नाही तर दुसरा कोणाला, 108 ची गाडी कोणी बोलवायची, गार्ड येईपर्यंत हलवायचं कसं. तो फोनशेजारी चिकटवा. असा कागद भिंतीवर असला की साहेबांना उठवणारा हवालदार बोलणी खात नाही, कारण त्याने आदेश पाळलेला असतो. माझ्या मते तुमच्या कारागृहात त्या रात्री सगळ्यात जास्त उणीव कशाची होती, तर या एका कागदाची.

मनाच्या आजाराचंही तसंच. 2022 मध्ये तुरुंगांत 119 कैद्यांनी आत्महत्या केली. आत आल्यानंतरचे पहिले दिवस, जामीन फेटाळला गेला ती संध्याकाळ, शिक्षा लागली तो दिवस, मुलाखतीला घरचं कोणी आलं नाही तो आठवडा, या वेळा धोक्याच्या. शिपायाला ते कळायच्या आधी बराकीतल्या शेजाऱ्याला कळतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2023 मध्ये राज्यांना पाठवलेल्या सूचनांतही निवडक कैद्यांना हे ओळखायला शिकवण्याचा भाग आहे. 'साहेब, तो जेवला नाही, बोलत नाही' असं कोणी येऊन सांगितलं तर 'करतोय नाटक' म्हणून परतवू नका. लिहा आणि डॉक्टरांकडे धाडा. शंभरांत नव्वद जण नाटक करत असतील, असतील बापडे. डॉक्टरांनी परत पाठवलं तर तुमचं काही गेलं नाही.

कैद्यांच्या घरच्यांनाही एक सांगून ठेवते. माणूस आत जाताना त्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट अधीक्षकांच्या नावे अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. वकिलाला सांगून पहिल्याच तारखेला न्यायालयाच्या कानावर आजार घाला. दाखल होताना वैद्यकीय तपासणी करायची असतेच, पण गर्दीत ती कशी होते ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही लिहिता की झोप लागली की ती हाक ऐकू येते आणि दीड वाजता आपोआप जाग येते. हे अंगावर काढू नका. टेलि-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. खात्यातल्या कोणाला कळण्याचा प्रश्न नाही. काही दिवसांत फरक पडला नाही तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. रात्रपाळीतून काही दिवस सुटका मागा, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी कामाला येईल.

राहिला त्या बाईंना भेटण्याचा प्रश्न. तुमची भावना खरी आहे, पण आत्ता जाऊ नका. चौकशी चालू असताना कारागृहाचा शिपाई मयताच्या घरी गेला, तर तो समजूत घालायला गेला की गप्प करायला, हे बघणाऱ्याला कळत नाही. त्या घाबरतील, आणि उद्या कोणी तुमच्यावर साक्षीदारावर दबाव आणल्याचा आरोप ठेवला तर तुम्हाला उत्तर देता येणार नाही. हातात काही पैसे देण्याचा विचार असेल तर तोही काढून टाका. कलम 196 मध्येच एक तरतूद आहे: चौकशी होणार असल्याचं न्यायदंडाधिकाऱ्यांनी शक्य तिथे मयताच्या नातेवाइकांना कळवायचं आणि त्यांना हजर राहू द्यायचं. त्या आल्या तर तुमचा जबाब चालू असताना त्याच खोलीत बसलेल्या असतील. त्यांना जे सांगायचंय ते तिथेच सांगून होईल. त्याच्या पलीकडे काही उरलंच, तर निकाल लागल्यावर बघा. तेव्हा त्यांना तुम्हाला भेटायचंय का, हे आधी त्यांच्या वकिलामार्फत विचारा.